माझ्याच वेल्डिंगखालची चीर

काका गाडीतून उतरले तेच बोलत. "इंजिन गेलं बहुतेक. आता ठेवायची की काढायची, तू सांग."

त्यांची ही टोचनची गाडी गेली 19 वर्षं माझ्याच गॅरेजमध्ये येते. मागे बूम म्हणजे ओझं उचलायचा हात, दोर ओढणारं विंच आणि बंद पडलेल्या गाडीची चाकं उचलून धरणारा आडवा दांडा. तिसरा गिअर दोनदा क्लच दाबल्याशिवाय पडत नाही, पण काकांच्या पायाला त्याची इतकी सवय की त्यांना ते कधी सांगावंसंही वाटलं नाही. रात्री-अपरात्री अडकलेल्या किती लोकांना या गाडीनं घरी पोचवलं असेल, याचा हिशोब त्यांनी ठेवलेला नाही. मला मात्र तिचा प्रत्येक आवाज पाठ आहे, असं मी त्या दिवसापर्यंत समजत होतो.

तक्रार सरळ होती. सकाळी गार इंजिन चालू केलं की डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतो आणि इंजिन तापलं की तो कमी होतो. चढाला मागे ओझं असलं की गाडी ओढत नाही. पाणी जळत असतं तर गरम झाल्यावरही धूर थांबला नसता. म्हणजे कुठल्यातरी सिलिंडरमध्ये डिझेल न जळताच बाहेर पडत होतं.

डिझेल फवारणारे नोझल काढून सिलिंडरमधला दाब मोजायचा गेज लावला. तीन सिलिंडरमध्ये 28, 27, 28 बार. चौथ्यात 17. मग चौथा पिस्टन वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री केली आणि नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. रिंगा गेल्या असतील तर हवा ऑइलच्या टोपणातून येते, इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे हेडचं, गॅस्केट गेलं असेल तर रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात. टोपणापाशी किरकोळ हवा, पाणी स्थिर. सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेला तर फुसफुस स्पष्ट ऐकू आली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता, एवढंच. हेड उतरवायचं, व्हॉल्व्ह आणि सीट करून घ्यायची, परत चढवायचं. इंजिन खोलायची गरजच नव्हती.

काकांचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. निघता निघता ते सहज म्हणाले, "आणि हो, ओझं उचललं की मागून कट्‌ असा आवाज येतो. पाट्यांच्या स्प्रिंगचा असेल, बघून घे."

गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून खालून धुतली. बूमची चौकट चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, बसते, त्याच्या अगदी खाली, मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ, रंगावर लालसर ओघळ दिसला. गंज असा रेषेत उतरत नाही. आत चीर असेल आणि ती उघडझाप करत असेल तरच उतरतो. जागा घासून चिरेत शिरणारं लाल पेनिट्रंट फवारलं, थोडा वेळ थांबून पुसलं, वर ते बाहेर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर मारला. मिनिटाभरात पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. चासीच्या वरच्या आडव्या पट्टीवरून खाली उतरलेली, तळहाताएवढी लांब.

ती रेघ एका जुन्या पत्र्याच्या कडेपासून सुरू होत होती. तो पत्रा मी लावलेला होता.

अकरा वर्षांपूर्वी तिथे गंज दिसला म्हणून मी चौकोनी पत्रा ठेवून चारही बाजूंनी वेल्डिंग मारलं होतं. तेव्हा मला ते मजबूत वाटलं. पण टोचनच्या गाडीचं ओझं मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतं. अ‍ॅक्सलपासून दीड मीटर मागे 800 किलो उचलले आणि दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये साडेतीन मीटर अंतर असलं, तर पुढच्या चाकांवरचे सुमारे 340 किलो कमी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर 1140 च्या आसपास वाढतात. चासी तिथेच वाकते, वरची पट्टी ताणली जाते. आणि मी नेमकी त्या ताणाला आडवी वेल्डिंगची रेघ ओढून ठेवली होती. शिवाय पत्रा आणि चासी यांच्यामध्ये पाणी साचत राहिलं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पत्रा फुगून आला होता. जाडी मोजली: मूळची 6 मिलिमीटर, काही ठिकाणी साडेतीन.

काकांना फोनवर सांगता आलं नसतं. बोलावून घेतलं, खाली बसवलं, बॅटरीच्या उजेडात रेघ दाखवली आणि पत्रा कुणी लावला तेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

"चिरेच्या टोकाला भोक पाडून वेल्डिंग मारता येतं ना?" त्यांनी विचारलं. चाळीस वर्षं याच धंद्यात काढलेला माणूस, त्यांना सगळं माहीत.

"भोकानं चीर थोडे दिवस थांबते, काका. पण वेल्डिंग मारायला खाली जाड लोखंडच उरलेलं नाही. आणि तुमच्या मागे लटकलेली गाडी दुसऱ्याची असते."

इंजिन असो, गिअरबॉक्स असो, बोल्ट काढून दुसरा बसवता येतो. चासीचा मागचा भाग कापून नवा जोडणंही होतं, पण पुढचा भाग धडधाकट असेल तरच. मी पुढेही हातोडी मारत गेलो. दोन ठिकाणी ठण्‌ऐवजी बद्द आवाज आला. तिथे आशा संपली. हेडचं काम मी थांबवलं. चासी धरणार नाही अशा गाडीचं इंजिन सुधारून देणं मला पटलं नसतं, ते त्यांनी मागितलं असतं तरी.

दुसरी गाडी ठरायला दोन महिने गेले. जुन्यातलं विंच काकांना हवं होतं, तेवढं मी उतरवून दिलं. बूमचे बोल्ट गंजून चिकटले होते. चार बोल्टांना अख्खी दुपार गेली आणि तेवढा वेळ काका स्वतः बॅटरी धरून उभे होते. "बस आता" म्हटलं तरी बसले नाहीत.

नवीन गाडी आली त्या दिवशी मी बूमची चौकट बसवायला खडूनं खुणा करत होतो. काका शेजारी वाकले, प्रत्येक खूण बोटानं तपासली.

"वरच्या पट्टीला भोक नाही ना?"

"नाही काका. ब्रॅकेट सगळे बाजूच्या उभ्या भागाला, बोल्टनं."

"आणि वेल्डिंग?"

"कुठेच नाही."

त्यांनी खडू माझ्या हातातून घेतला आणि शेवटची खूण स्वतः केली.