मजुरीचा रकाना

झोप येत नाही म्हणून लिहायला बसलेय. कारण सांगितलं तर कुणालाही ते फार क्षुल्लक वाटेल: वहीतली एक आडवी रेघ.

सुट्टीत मी मुलांना धंदा शिकवतेय. आज त्यांनी कोकम सरबताचा हिशेब पुरा केला. ३० बाटल्या, १५० रुपयांना एक, जमा ४,५००. साखर, रिकाम्या बाटल्या, जिरं-मीठ, लेबलं, रिक्षाभाडं आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, मिळून खर्च १,९००. रातांबे घरच्या झाडांचे असले तरी बाजारभावाने धरायचे, हे पहिल्यापासून सांगितलेलं, ते त्यांनी कुरकुर न करता धरले. पुढे मजुरीचा रकाना. तिथे एका मुलीने आपल्या आईच्या नावापुढे रेघ मारली. शून्यसुद्धा नाही लिहिलं.

"घरचीच मा ती. आयेक कोण मजुरी देता?"

नववीतली मुलगी. हिशेबात सगळ्यांत पक्की. माझ्याकडे न बघताच बोलली, पान उलटायलाही लागली.

तिच्या आईचं, काकींचं, काम मी डोळ्यांनी बघितलंय. टोपलीभर रातांबे फोडायचे, बिया वेगळ्या काढून आगळासाठी, म्हणजे खारवलेल्या रसासाठी, ठेवायच्या, सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे. तोंडाला फडकं बांधून बरण्या खळ्यात उन्हात. सकाळी बाहेर, तिन्हीसांजेला आत, मध्ये लाकडी डावाने ढवळणं. परवा वळिवाची सर आली तेव्हा जेवणाच्या ताटावरून उठून धावली ती बाई. तिची बोटं अजून जांभळी आहेत, नखांच्या कडा तर काळ्या पडल्यात. आणि वहीत रेघ.

म्हटलं, धरून तर बघूया. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, त्यात बाई आणि पुरुष दोघांना दर एकच. मग आपण निदान ३०० रुपये रोज धरू. तुकड्यातुकड्यांचं काम जोडून चार रोज झाले. १,२०० वजा. २,६०० चा नफा १,४०० वर आला. नऊ जणांत वाटायचा होता. मुलगे गप्प. मग एकजण म्हणाला, "बाई, मगे आमका काय उरला?"

त्याचंही बरोबरच आहे. उन्हातान्हात बाटल्या त्यानेच विकल्या.

पण ती रेघ जात नाही डोळ्यांसमोरून. सुट्टीत मी हे का करतेय, असंही आज वाटून गेलं. मे महिन्यात सगळे आपापल्या माणसांत असतात. इथे पालक विचारतात, गणिताची शिकवणी का घेत नाही, सरबत करून पोरगो मुंबैक जातलो काय? उन्हाने डोकं दुखतं आणि संध्याकाळी बोलायला कोणी नसतं. आमच्याकडेही आमसुलं व्हायची. सालींना रसाची पुटं देऊन देऊन वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची. आईने कधी... असो.

एवढं मात्र खरं, की इथलं बरंच कोकम अशाच रेघांवर स्वस्त विकलं जातं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, पण बरणी उचलून आत नेणाऱ्या हातांचे पैसे भावात कुठे दिसतात? मुलांना धंदा शिकवायचा तर हेही त्यात यायला हवं. आणि आलं की नफा कमी दिसणार, मुलं हिरमुसणार, पालक पुन्हा शिकवणीचं काढणार. काढू देत. आता ते मला तितकंसं लागत नाही. कमी असला तरी तो नफा खरा आहे.

दुसऱ्या खेपेच्या बाटल्या बुधवारच्या बाजाराला न्यायच्यात. मजुरी धरून बाटलीला ४० रुपये वाढतात, म्हणजे १९०. मुलगे म्हणतात चाकरमानी घेणार नाहीत, दीडशेलाच घासाघीस करतात. त्यावर निघायच्या वेळेपर्यंत भांडण चाललं होतं.

ती मात्र वही छातीशी धरून मागे रेंगाळली. "बाई, रातीची उठान पावसाक बघता, ता पण धरूचा?"

धरायचं, म्हटलं. किती वेळ जातो ते आईलाच विचारून ये.