ऑक्टोबरची दुपार आणि एक काळी काच

टीव्हीचा रिमोट दुरुस्त करून घेण्यासाठी परवा भर दुपारी लॅमिंग्टन रोडच्या एका बोळात उभी होते. दुकानदाराने रिमोट उघडलादेखील नाही. खिशातला मोबाइल काढून त्याचा कॅमेरा सुरू केला, रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरले आणि बटण दाबले. डोळ्यांना काहीच दिसले नाही, पण पडद्यावर एक जांभळट ठिपका लुकलुकला. "लाइट चालू आहे ताई, बटणांचं रबर गेलंय," असे सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. मला मात्र गंमत वाटत राहिली, कारण इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडातल्या, छायाचित्रणाची सुरुवात करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी नेमके हेच करून पाहायचे असते आणि या गृहस्थांनी ते रिमोटच्या रबरापायी केले होते.

रिमोटमधला दिवा साधारण 940 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा उजेड फेकतो आणि आपली नजर 700च्या जवळपास थकते. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सिलिकॉन सेन्सरला मात्र 1000च्याही थोडे पुढचे दिसते. ते तसेच दिसू दिले तर रोजच्या फोटोंतले रंग बिघडतील, म्हणून कंपन्या सेन्सरसमोर एक गाळणी बसवतात आणि ती हा अवरक्त उजेड अडवते. अडवते म्हणजे बराचसा अडवते. थोडा निसटतोच, आणि हौशी माणसाचा सगळा संसार त्या निसटलेल्या उजेडावर उभा राहतो. कोणत्या कॅमेऱ्यात किती निसटतो ते त्या ठिपक्याच्या ठळकपणावरून कळते. 2004 सालचा निकॉन डी70 या बाबतीत भलताच उदार म्हणून ओळखला जातो, तर नव्या कॅमेऱ्यांच्या गाळण्या बहुधा अधिक कडक असतात. त्यामुळे कपाटात पडलेला जुना डिजिटल कॅमेरा भंगारात देण्यापूर्वी त्याला एकदा रिमोट दाखवावा.

हा न दिसणारा उजेड माझ्या आयुष्यात प्रथम आला तो एका लाल रेघेच्या रूपाने. दादरच्या आमच्या चाळीत काका मोरीचे दार लावून, फटींना काळे कापड कोंबून आणि वर लाल बल्ब लावून फोटो धुवायचा. पाट पालथा घालून त्यावर बसायचे, ट्रेमधल्या कागदाला हात लावायचा नाही आणि दाराची कडी कोणत्याही परिस्थितीत काढायची नाही, एवढ्या अटींवर मला आत प्रवेश मिळे. बाहेर कोणीतरी बादली घेऊन ताटकळत असे आणि आत मी काकाची लेन्स मांडीवर घेऊन तिच्यावरचे आकडे वाचत असे. अंतर जुळवायच्या मुख्य खुणेच्या जरा बाजूला एक बारीक लाल रेघ होती आणि तिच्याशेजारी 'आर' हे अक्षर. ती कशासाठी, असे विचारल्यावर काका म्हणाला, "अगं, ती न दिसणाऱ्या उजेडासाठी. आपल्याला काय करायचंय!" आणि त्याने चिमट्याने कागद उलटा केला. अवरक्त उजेड काचेतून किंचित कमी वळतो, त्यामुळे त्याचे चित्र नेहमीच्या जागेच्या जरा मागे स्पष्ट होते आणि तेवढा फरक भरून काढायला ती रेघ असते, हे मला फार पुढे कळले. आता बहुतेक लेन्सवर ती नसते. सेन्सरवर पडलेले चित्रच पडद्यावर मोठे करून पाहता येते, तेव्हा रेघेची गरजही उरलेली नाही. तरीपण जुन्या लेन्सवर ती दिसली की मला बरे वाटते.

खर्च म्हणाल तर मुख्यतः एका फिल्टरचा. बोरा बाजारात विचारपूस केली की 720 नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण त्याच्या पुढचाच उजेड आत सोडणारा, फिल्टर मिळतो. तो हातात घेतल्यावर फसवणूक झाल्यासारखेच वाटते, कारण ती काच जवळजवळ काळी असते आणि तिच्यातून सूर्याखेरीज फारसे काही दिसत नाही. म्हणून आधी कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा, चौकट ठरवायची, फोकस जुळवून तो मॅन्युअलवर टाकायचा आणि मग, लेन्सला धक्का न लावता, फिल्टर फिरवत चढवायचा. लख्ख उन्हातही शटर काही सेकंद, कधी अर्धा मिनिट उघडे ठेवावे लागते. पहिला फोटो तांबडाभडक येतो. मग उन्हातल्या हिरवळीवर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरे कशाला मानायचे ते) बसवायचा, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली, ठेवायची आणि उरलेले काम घरी संगणकावर करायचे. काही लेन्समध्ये चित्राच्या मधोमध एक पांढुरका डाग उमटतो. लेन्सचे छिद्र मोठे ठेवल्यास तो फिका होतो, पण मुळात तशी लेन्स या कामाला घेऊच नये.

अर्धा मिनिट तिवईशेजारी नुसते उभे राहणे मुंबईत सोपे नाही. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये एका आजोबांनी मला "रस्त्याची मोजणी का?" असे विचारले आणि मी झाडाचा फोटो काढते आहे हे ऐकून त्यांची निराशा झालेली स्पष्ट दिसली.

मला या छंदात सर्वांत जास्त काय आवडत असेल तर त्याची वेळ. फोटो पहाटे काढावा किंवा सूर्य कलल्यावर, दुपारी कॅमेरा बाहेर काढणारा अडाणी, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. इन्फ्रारेडला नेमकी तीच दुपार लागते, आणि मुंबईत तर महिनासुद्धा ठरलेला आहे. पावसाळ्यात हिरवाई असते पण ऊन नसते. उन्हाळ्यात ऊन असते पण पाने धुळीने माखलेली असतात. ऑक्टोबरमध्ये, आपण सारे घामाने हैराण होऊन ज्याला शिव्या घालतो त्या महिन्यात, चार महिने धुतलेली पाने आणि कडक ऊन एकत्र येतात. पानातले हरितद्रव्य तांबडा उजेड खाते, पण अवरक्त उजेड सोडून देते. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या त्यातला जवळपास निम्मा बाहेर परतवतात, आणि म्हणून अख्खा वर्षावृक्ष (रेन ट्री) पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा होतो. आकाशात हा उजेड फारसा विखुरत नाही, त्यामुळे ते काळवंडते. ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर टिपला तर दगड करडा, माड पांढरे आणि वर काळे आभाळ असे काहीतरी हाती लागते. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने असे फोटो 1910 साली प्रसिद्ध केले होते. त्याच्याकडे सेन्सर नव्हता आणि त्याला कितीतरी अधिक थांबावे लागले.

काळ्या कपड्यांचे गूढ वेगळेच. उच्च न्यायालयासमोर चहा पीत थांबलेल्या एका वकिलाचा काळा कोट माझ्या फोटोत फिकट राखाडी निघाला, कारण कापडाचे कित्येक काळे रंग अवरक्त उजेड शोषतच नाहीत. 2006 साली लायकाने एम8 हा कॅमेरा आणला तेव्हा त्याची गाळणी इतकी पातळ होती की काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले, आणि कंपनीला ग्राहकांना फिल्टर फुकट द्यावे लागले. आमच्यासारख्यांना तो दोष नसून सोय वाटते.

लाल आणि निळ्या रंगांची अदलाबदल करून निळे आभाळ आणि सोनेरी झाडे दाखवणारे फोटो मला सोसत नाहीत, हेही सांगून टाकते. उपग्रहाच्या चित्रांत शेती लालभडक दाखवतात त्याला कारण असते. अवरक्त उजेडाला पडद्यावर कोणता तरी रंग द्यावाच लागतो. आपल्या चित्रातल्या सोनेरी झाडाला लग्नाच्या अल्बमखेरीज कारण दिसत नाही. मी सरळ कृष्णधवल करते. कॅमेरा उघडून आतली गाळणीच काढून घेण्याचाही एक मार्ग आहे. मग तिवई लागत नाही, शटर झरझर चालते. मला ती घाई नको आहे.

गेल्या ऑक्टोबरच्या फोटोंत एक गोष्ट खटकली. पांढऱ्या झाडांच्या रांगेत एका वर्षावृक्षाची एक बाजू करडी आली होती. पान खंगू लागले, की आतली रचना ढासळून हा उजेड परतवण्याची त्याची ताकद घटते. उपग्रहावरून पिकांची तब्येत अजमावतात ती याच आधारावर. मध्यंतरी मिलीबग या किडीने मुंबईतले कितीतरी वर्षावृक्ष वाळवले, आणि या झाडाच्या बुंध्याला तर काँक्रीट अगदी भिडलेले आहे. एका फोटोवरून निदान करता येत नाही, सावलीही असू शकेल. यंदा त्याच जागेवरून, त्याच वेळी पुन्हा फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवायचे आहेत, आणि फरक दिसलाच तर ते घेऊन वॉर्ड ऑफिसात कोणापुढे उभे राहायचे तेवढे शोधायचे आहे.