धाब्याच्या घरातील सर्पपैदास : आमची वाटचाल

जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील आमच्या गावी आम्ही दोघा भावांनी साप पाळून त्यांची पैदास करण्याचे ठरवले, तेव्हा प्रत्येक नातेवाइकाने विषाचा भाव विचारला. विषाचा आणि आमच्या कामाचा काहीही संबंध नाही. सर्पविष काढण्याचे अधिकृत काम तमिळनाडूत 1978 साली स्थापन झालेली इरुला सर्पपकड्यांची सहकारी संस्था करते, आणि तीही साप पैदा करीत नाही. पकडलेल्या सापाचे विष काढून त्याला पुन्हा सोडून देते. नाग, घोणस, धामण, अजगर यांसारखे आपल्याकडचे साप बाळगण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई असल्यामुळे, नागपंचमीपुरता एखादा साप मागायला येणाऱ्यांनाही आम्हाला दरवर्षी परत पाठवावे लागते. आम्ही पैदास करतो ती कॉर्न स्नेक या अमेरिकेच्या आग्नेय भागातील बिनविषारी सापाची.

ही निवड आवडीपेक्षा भांडवलाने केली. बॉल पायथन या आफ्रिकेतील लहान, बिनविषारी अजगराला मागणी चांगली आहे. परंतु तो वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या (साइटीस) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने, वन्यजीव कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत मोडतो, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पुढे पिल्लांची आणि हस्तांतराचीही नोंद ठेवावी लागते. कॉर्न स्नेक या परिशिष्टांत नाही, तो आकाराने आटोपशीर आहे आणि एका वेळी साधारण दहा ते वीस अंडी देतो. तरीही पावती आणि उगमाचा कागद नसलेले जनावर कितीही स्वस्त मिळाले, तरी आम्ही ते घेत नाही. कमी पैशांत सुरुवात करणाऱ्याने पहिला खर्च येथे करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा खर्च जागेचा असतो, आणि तो आजोबांच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घराने वाचवला. या विषयावरची बहुतेक माहिती थंड देशांतील लोकांनी लिहिलेली असल्यामुळे तिच्यात सापाला ऊब कशी द्यावी यावरच भर असतो. खान्देशात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो तेव्हा प्रश्न नेमका उलटा होतो. कॉर्न स्नेकच्या डब्याची उबदार बाजू 30 अंशांच्या आसपास आणि थंड बाजू 24-25 अंशांवर असावी लागते, आणि 35 च्या वरची उष्णता त्याला फार काळ सोसत नाही. जाड मातीच्या भिंती आणि वर खाऱ्या मातीचा थर असलेल्या त्या खोलीत एक कूलर आणि भारनियमनासाठी इन्व्हर्टर एवढ्यावर आमचे भागते. सिमेंटच्या स्लॅबखाली वातानुकूलन यंत्र बसवावे लागले असते, तर हा व्यवसाय विजेच्या बिलातच संपला असता. सापांचे डबे म्हणजे झाकणाला घट्ट कड्या असलेले, बाजूंना छिद्रे पाडलेले साधे प्लास्टिकचे डबे आहेत.

हिवाळा मात्र आमच्या बाजूने असतो. या सापांची जोडी चांगली लागावी म्हणून त्यांना काही आठवडे 12 ते 15 अंशांच्या गारव्यात, अंधारात आणि उपाशी ठेवतात, आणि त्यापूर्वी दोन-तीन आठवडे खाणे थांबवून पोट रिकामे होऊ देतात. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री बाहेरचा पारा 10 च्या खाली उतरतो, त्यामुळे खिडक्यांची उघडझाप करून हे काम बिनखर्चात होते.

खरी कसोटी अंड्यांची असते, कारण ती येतात ऐन एप्रिल-मेमध्ये. त्यांना 27 ते 29 अंश तापमान आणि भरपूर ओलावा सुमारे दोन महिने लागतो, तर विकत मिळणारी बहुतेक उबवणी यंत्रे केवळ तापवू शकतात. त्यावर भाजीपाल्यासाठी शेतकरी बांधतात तो शून्य ऊर्जा शीतकक्ष आमच्या कामी आला: विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची पोकळी, तिच्यात वाळू आणि त्या वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत तो उत्तम चालतो आणि पाणी कमी-जास्त करून तापमान आवरता येते. पावसाळा लागल्यावर त्याची गरज उरत नाही, तेव्हा थर्मोस्टॅट लावलेली छोटी हीट मॅट पुरते. अंडी ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या चुऱ्यात), वरच्या बाजूस पेन्सिलीची खूण करून ठेवतो, कारण ती उलटली तर आतील जीव दगावू शकतो.

एवढे सांगूनही, आमच्या फर्मचा रोजचा डोलारा उंदरांवर उभा आहे. साप वर्षातून एखाद्या वेळी उत्पन्न देतो, खायला मात्र वर्षभर मागतो, आणि नुकत्याच जन्मलेल्या सापाला उंदराचे केस न आलेले गुलाबी पिल्लूच लागते. पांढऱ्या उंदराची मादी सुमारे 20 दिवसांत विते, त्यामुळे थोड्या जोड्यांतूनही पुरवठा अखंड राहतो. त्यांना आम्ही घरची दादर (रब्बी ज्वारी), मका आणि प्रथिनांसाठी तयार खाद्य देतो. कीडनाशक पावडर लावलेले धान्य त्या खोलीत येतच नाही. सापाला उंदीर मारून, गोठवून आणि पुन्हा कोमट करूनच देतो, कारण जिवंत उंदीर सापाला चावून जबर जखमी करू शकतो. जास्तीचे उंदीर इतर पाळणाऱ्यांना विकतो, आणि 2018 च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत उंदरांचाही समावेश असल्याने त्यासाठी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. याच विक्रीने सुरुवातीची वर्षे निभावली.

सापाचे पिल्लू पहिली कात टाकून सलग काही वेळा आपणहून खाल्ल्याशिवाय आम्ही विकत नाही. नवीन जनावर आणले तर त्याला दोन-तीन महिने वेगळ्या घरात ठेवतो, कारण गोचिडीसारखा एक बारीक किडा सगळ्या डब्यांत पसरायला वेळ लावत नाही. पुणे-नाशिककडचे ग्राहक बहुधा स्वतः येतात. येत्या हंगामात धाब्याच्या दुसऱ्या खोलीत उंदरांची जागा वाढवायची आहे; सापांची संख्या त्यानंतर.