टेंगूळ आलेला केक आणि ‘युनिट ओके’

भाचीच्या साखरपुड्याचा केक मी करणार, हे मी स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं होतं. ताई म्हणालीसुद्धा, “अगं, बाहेरून मागवू, कशाला जिवाला घोर?” पण खाली 8 इंची, वर 6 इंची असा दुमजली चॉकलेट केक, त्यात काय एवढं, असं मला वाटलं. पंधरा वर्षं केक करतेय मी.

पहिला केक झाला आणि मधोमध टेंगूळ. त्यावर ज्वारीच्या शेतातल्यासारखी भेग. एरवी मी वर चॉकलेट ओतून वेळ मारून नेते, पण एकावर एक रचायचा तर केक पाटासारखा सपाट हवा. टेंगूळ कापून टाकलं, तर कडा कोरड्या पडलेल्या, सुरी लावताच भुगा. दुसऱ्या वेळी सोडा कमी घातला. टेंगूळ तसंच, वर केक जड. तिसऱ्या वेळी हलक्या हाताने ढवळलं, तरी तेच. सासूबाई रोज कापलेला टवका दुधात बुडवून खायच्या आणि “चव छान आहे गं” म्हणायच्या. मला रडू यायचं.

मग साखरेची युक्ती आठवली. साखर वितळते 186 अंशांना. म्हणून ओटीजीचा, म्हणजे ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनचा, डायल 175 वर ठेवला, अर्धा तास तापवला आणि फॉइलवर चमचाभर साखर आत ठेवली. डायल खरं बोलत असेल तर साखर साखरच राहायला हवी. पंधरा मिनिटांनी बघते तर तांबूस पाक! तीन केक मी स्वतःला शिव्या देत केले, आणि गुन्हेगार ओट्यावर बसून लाल दिवा दाखवत होता.

कंपनीत तक्रार नोंदवली. माणूस पाचव्या दिवशी आला. (एप्रिल महिना, साखरपुडा अकरा दिवसांवर.) त्याने बटण फिरवलं, दिवा लागला, कॉइल लाल झाली. “चालू आहे की, मॅडम.” मी साखरेची फॉइल दाखवली, जपून ठेवली होती मुद्दाम. तो म्हणाला, “साखर गरम केल्यावर वितळणारच ना.” मी म्हटलं, तुमच्याकडे तापमान मोजायचं काही असेल ना? नव्हतं. “वीस-पंचवीस डिग्री इकडंतिकडं असतंच, मॅडम. पापड भाजून बघा, मस्त भाजेल.” सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर लिहिलं होतं, ‘युनिट ओके’. माझी सही घेतल्याशिवाय तो हलेना, आणि मला चौथा केक लावायचा होता. केली सही. तो ‘ओके’ अजून डोक्यात जातो माझ्या.

शेवटी ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मागवला. हा पहिल्याच दिवशी आणायला हवा होता. केकच्या साच्यांआधी हा घ्या. डायल 180 वर, आत 210. भट्टी अशी तापलेली असली की डब्याला चिकटलेलं पीठ आधीच घट्ट होऊन बसतं, मधलं मात्र ओलं असतं आणि फुगत राहतं. कडेला जागा नाही, मग ते वर उठतं आणि फुटतं. सपाट केकला खरे 160 अंश आणि पाऊण तास लागतो. माझ्या डायलवर ते 135 च्या आसपास निघाले. तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. शिवाय जुन्या टॉवेलच्या पट्ट्या ओल्या करून डब्याभोवती सेफ्टी पिनने लावल्या, म्हणजे कडा उशिरा तापतात. पट्टी कॉइलला टेकू देऊ नका.

चौथा केक कॅरमबोर्ड! मी ह्यांना झोपेतून उठवून दाखवला.

बाकी सगळं सुरळीत झालं. मिश्रण मात्र नेहमीपेक्षा घट्ट ठेवा. उकळत्या कॉफीत कोको कालवायचा, सुगंध खुलतो, पण एक कपाऐवजी पाऊण कपच, नाहीतर खालचा मजला वरच्याच्या वजनाने बसतो. साधा कोको आंबट असतो, त्याला खायचा सोडा आणि ताक चालतं. गडद डच कोकोत तो आंबटपणा काढलेला असतो, तिथे बेकिंग पावडरवर भिस्त. 6 इंचीला 8 इंचीच्या निम्म्याहून थोडं जास्त पीठ लागतं. गार झाल्यावर केक गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाव कापायच्या दातेरी सुरीने कापा. गरम केक कापण्याचा मोह मला प्रत्येक वेळी होतो. नाशिकच्या एप्रिलात व्हिप्ड क्रीमच्या वाटेला गेलेच नाही. गनाशला, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या लेपाला, क्रीमच्या अडीचपट चॉकलेट घेतलं, ते टिकलं.

हो, आणि वरचा केक स्वतःच्या पुठ्ठ्यावर हवा, त्याच्याखाली आधाराला बबल टीचे जाड स्ट्रॉ, खालच्या केकच्या उंचीइतकेच कापून. मजले वेगवेगळे नेले, गाडीत सीटवर नाही, पायाशी सपाट जागेवर, आणि हॉलवर जाऊन रचले. भाचीने केक बघून “मावशी, हा खरंच तू केलास?” विचारलं, तेव्हा मी थोडी जास्तच फुगले.

फक्त खालचा मजला कापायच्या आधी स्ट्रॉ मोजून काढा. मी पाच खोचले होते, चार काढले. पाचवा व्याह्यांच्या ताटात निघाला.