चंदेरी बाजू आत

कॉफीच्या रिकाम्या पिशव्यांच्या पट्ट्या विणून आम्ही टोपल्या करतो. अशी एक टोपली नेलेल्या बाई ती परत घेऊन आल्या, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली. खवट तेलाचा वास. कॉफीचा आला असता तर चाललं असतं, तो लोकांना आवडतो. त्यांनी दोन महिने आत लोकरीचे कपडे ठेवले होते, झाकण घट्ट लावून. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, पिशव्या नीट धुतल्या नव्हत्यात ना?" मावशी काहीच बोलल्या नाहीत.

आमच्याकडे पिशव्या धुण्याचं काम मावशींचं, आणि ते सगळ्यांत किचकट. पिशवी एकसंध दिसते, पण ते एकमेकांना चिकटवलेले तीन थर असतात: बाहेर छपाईचं प्लास्टिक, मधे अॅल्युमिनियमचा पातळ वर्ख, आत पॉलिथिन. थर सुटे होत नाहीत म्हणून या पिशव्या पुन्हा वितळवायला फारसं कोणी घेत नाही आणि म्हणूनच त्या आमच्याकडे येतात. भाजलेल्या बिया काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, त्यासाठी पिशवीला बारीक झडप असते. ती आधी कापून टाकायची, नाहीतर पट्टी दुमडत नाही. बाजूच्या घड्यांमध्ये पूड अडकलेली असते. देणारे लोक पिशवी रिकामी करायचेही कष्ट घेत नाहीत. ओला चोथा भरलेल्या, बुरशी धरलेल्या पिशव्या आम्हाला मिळतात, आणि वर आपण पर्यावरणाचं काम केल्याचं समाधान त्यांना असतं.

पट्टीची घडी मात्र मी स्वतः घालते. पाच सेंटिमीटर रुंद कापायची, दोन्ही कडा मध्यावर आणायच्या, पुन्हा मधोमध दुमडायची. चार पदर, सव्वा सेंटिमीटर, चंदेरी बाजू पूर्ण आत. बांबू भिजवला की वाकतो आणि वाळला की तसाच राहतो. ही पट्टी उसळून पुन्हा उघडते, म्हणून प्रत्येक घडीवरून चमच्याची पाठ जोर देऊन फिरवावी लागते. लांबी घेराला पुरत नाही. एका पट्टीचं टोक दुसरीच्या घडीत सरकवायचं आणि तो जोड उभ्या पट्टीखाली लपवायचा. माझ्या टोपलीत जोड शोधून सापडत नाही.

त्या रात्री मी ती टोपली उसवली. काठाची टोकं तीन घरं आत खोचलेली होती, ती ओढून काढतानाच बोटं दुखली. मग एकेक पट्टी उलगडायची आणि नाकाशी धरायची. बहुतेक स्वच्छ होत्या. वास होता तो सात पट्ट्यांना, आणि त्या सगळ्या खूप काळ्या भाजलेल्या कॉफीच्या पिशव्यांमधल्या. त्यांत पुडीचा कणही नव्हता. मावशींनी धुतल्या होत्या, चांगल्या धुतल्या होत्या.

बिया जितक्या जास्त भाजाव्या तितकं तेल वर येतं. पॉलिथिन ते नुसतं अंगावर घेत नाही, शोषून घेतं, आणि आत मुरलेलं तेल साबणाने निघत नाही. उघड्या टोपल्यांबद्दल आजवर कोणाची तक्रार नव्हती, कारण वास हवेवर उडून जात होता. झाकणाच्या टोपलीत त्याला जायला जागा नव्हती. झाकण माझी कल्पना. चंदेरी बाजू आत, हीही माझीच.

आणि मावशींनी सांगितलं होतं. हाच ढीग धूत असताना त्या म्हणाल्या होत्या, "ताई, ह्या काळ्यांचा वास धुवूनही हाताला राहतोय." मला माल द्यायची घाई होती. मी म्हणाले, "वाळल्या की जाईल."

दुसऱ्या दिवशी, सगळे असतानाच, मी त्यांना हे सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि विचारलं, काळ्या पिशव्या वेगळ्या ठेवू का? आता मावशी त्या पिशव्या चिरून, आतली बाजू वर करून दोरीवर टाकतात आणि आठ दिवसांनी वास घेतात. वास गेल्याचा हिरवा चिमटा लावला असेल तरच मी ती पिशवी कापते. आज दोरीवर अकरा आहेत, चिमटा चारांनाच आहे.