ई-पुस्तकांसाठी तीन मिनिटं

कनेक्टिकटमधल्या एका छोट्या गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ई-पुस्तकांची खरेदी माझ्याकडे आहे. लग्नाआधी साताऱ्याकडच्या एका वाचनालयात काम करायचे. तिथे पुस्तकावर एकदा दाखल क्रमांक पडला, की ते फाटेपर्यंत वाचनालयाचं. इथे ई-पुस्तकाचा फक्त परवाना मिळतो. वाचकाला पंधराएक डॉलरला मिळणारं नवं पुस्तक आम्हाला साठच्या आसपास पडतं आणि बऱ्याचदा दोन वर्षांनी यादीतून जातं. काही परवाने ठरावीक वेळा पुस्तक दिलं की संपतात. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने २०११ मध्ये २६ वेळांची मर्यादा घातली होती. आणि काहींना दोन्ही अटी लागू, जी आधी भरेल ती.

२०२५ मध्ये याविषयीचं विधेयक विधिमंडळात आलं, तेव्हा सुनावणीत बोलायचं मी ठरवलं. ऑनलाइन नाव नोंदवायचं, लेखी निवेदन पाठवायचं, बोलायला तीन मिनिटं. ग्रंथालयातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी सांगितलं, "आधी मेरीलँडचा निकाल वाचा." त्या सल्ल्याने माझं निवेदन सुधारलं. मेरीलँडने २०२१ मध्ये प्रकाशकांवरच सक्ती केली होती: लोकांना ई-पुस्तक विकता, तर ग्रंथालयांनाही वाजवी अटींवर द्या. प्रकाशकांची संघटना कोर्टात गेली आणि २०२२ मध्ये तो कायदा रद्द झाला, कारण कॉपीराइट हा केंद्राचा विषय. न्यूयॉर्कमध्ये तशाच विधेयकावर गव्हर्नरांनी सहीच केली नाही.

आमच्या विधेयकाची वाट वेगळी होती. प्रकाशकावर सक्ती नाही. करदात्यांच्या पैशातून ग्रंथालयाने कोणत्या अटींचे करार करू नयेत, एवढंच त्यात होतं. पहिलं मिनिट मी यावरच खर्च केलं. मग माझ्या तक्त्यातली एक ओळ वाचून दाखवली: एक कादंबरी, परवाना संपल्याची तारीख, आणि त्या तारखेला रांगेत उभे असलेले वाचक. त्यांच्यात एक आजी होत्या. त्यांना छापील अक्षर दिसत नाही, टॅबवर मोठं करून वाचतात. "माझा नंबर कधी लागेल?" असं त्या विचारत होत्या, आणि तेच पुस्तक पुन्हा पूर्ण किमतीला घ्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. लेखकाला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, हेही मी ठासून सांगितलं. फुकट कुणीच मागत नाही.

झूमवर बराच वेळ ताटकळल्यावर नंबर लागला होता. बोलून झाल्यावर एका सदस्यांनी विचारलं, "प्रकाशकांनी पाठ फिरवली तर तुमचे वाचक काय वाचतील?" प्रश्न रास्त होता. एकटं छोटं राज्य अडून बसलं तर नुकसान त्याच्याच वाचकांचं, हे मी मान्य केलं.

मंजूर झालेल्या कायद्यात याची सोय आहे. मुदत आणि वेळा, दोन्ही मर्यादा एकदम घालणारे करार करायला ग्रंथालयांना मनाई आहे. पण एकूण ७० लाख लोकसंख्येच्या एका किंवा अनेक राज्यांनी असाच कायदा केल्यावरच ती लागू होईल, आणि तीही १ जुलै २०२६ च्या आधी नाही. न्यू जर्सीची लोकसंख्या ९० लाखांच्या वर आहे, म्हणजे ते एकटं राज्य पुरेल. तिथेही असं विधेयक मांडलं गेलं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींनी आपापल्या आमदाराला त्याबद्दल जरूर लिहावं. माझं निवेदन कुणाला नमुना म्हणून हवं असेल तर मी पाठवीन.