तुम्ही विचारलंत म्हणून: गोंद का लावत नाही?

"शिवत तर नाहीच, मग गोंद लावून मोकळं व्हा ना. एकेक कड खोचत काय बसता?" नाताळच्या झाडाला टांगायचे कापडी गोळे पाहिले की हा प्रश्न येतोच. थर्माकोलच्या गोळ्याला चिरा पाडायच्या, वर कापडाचे तुकडे ठेवायचे आणि त्यांच्या कडा चिरांमध्ये दाबून बसवायच्या, असं ते काम. विचारणाऱ्यांनी बहुतेक वेळा स्वतः दोन-तीन गोळे केलेले असतात, बोटं दुखवून घेतलेली असतात, म्हणून साहित्याची यादी इथे देत नाही. इतकी वर्षं मी एका वाक्यात उत्तर देत आले: "चिकटवलेला गोळा दुरुस्त करता येत नाही." ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. समोरच्याला मी हट्टी वाटते, हे मला दिसतं. तर आज सगळं सांगते.

आधी कापड चिरेत राहतं कशामुळे ते बघा. थर्माकोल म्हणजे फुगवलेल्या पॉलिस्टायरिनचे मणी वाफेवर एकमेकांना जोडलेले. त्यात आकारमानाने ९८ टक्क्यांच्या आसपास हवाच असते. चिरेत कापड गेलं की दोन्ही बाजूंचे मणी दबतात आणि परत जवळ येऊ पाहतात. तो दाब हीच इथली शिवण. ७.५ सेंटीमीटर व्यासाच्या गोळ्याला चीर १ सेंटीमीटर खोल हवी आणि आत जाणारी कापडाची कड ५ ते ६ मिलिमीटर. कड ३ मिलिमीटरच ठेवली तर दाबाला धरायला काही उरत नाही, दुसऱ्या दिवशी ती वर येते. १२ ठेवली तर कड आत दुमडते. एका चिरेत शेजारच्या दोन फाकींच्या, म्हणजे संत्र्याच्या फोडीसारख्या बसणाऱ्या कापडाच्या तुकड्यांच्या, दोन कडा असतात. दोन्ही दुमडल्या की चार पदर झाले. मग चीर फाकते आणि वरून डोरी लावली तरी झाकत नाही.

खोली सगळीकडे सारखी राहावी म्हणून कटरच्या पात्याला टोकापासून १ सेंटीमीटरवर चिकटपट्टी गुंडाळायची. पातं नवंच घ्यायचं. बोथट पातं मणी कापत नाही, उपटतं. आणि ज्या मण्यांनी कापड धरायचं तेच जागेवर राहत नाहीत. पात्यावर मेणबत्ती घासली की ते न अडकता सरकतं. "माझं कापड सुटतं म्हणून मी गोंद लावते" म्हणणाऱ्यांचे गोळे मी हातात घेऊन पाहिले आहेत. बहुतेकांच्या चिरा खरवडलेल्या असतात, नाहीतर कड आखूड कापलेली असते. गोंदाने तो दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही.

दुसरं कारण भूमितीचं आहे आणि ते कुणी ऐकून घेत नाही. सपाट कापड गोलावर आपणहून बसत नाही. ७.५ च्या गोळ्याचा परीघ साधारण २३.६ सेंटीमीटर. सहा फाकी केल्या तर प्रत्येक फाक पोटाशी ३.९ रुंद, आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ११.८ लांब. तिच्यासाठी कापड ५.५ बाय १३.५ कापायचं, शक्यतो उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं. उरेब कापड ओढलं की देतं, गोलाईवर निजतं. सरळ धाग्याचं कापड कडेला चुण्या टाकतं. खोचायची सुरुवात पोटापासून: आधी डाव्या कडेचा मध्य, मग उजव्या कडेचा, मग आळीपाळीने दोन्ही टोकांकडे. हत्यार बोथटच हवं, नखांच्या कानशीचं टोक किंवा लोणी लावायची सुरी. टोकदार हत्याराने कापड फाटतं. दर सेंटीमीटरला कापड थोडं सरकतं. चुणी दिसली की मागचा दोन सेंटीमीटरचा भाग बाहेर काढायचा, ओढून घ्यायचा, परत खोचायचा. हे सरकू देणं, परत घेणं हेच खरं काम आहे. फाकीखाली गोंद असला की ते तिथेच थांबतं आणि चुणी जिथे पडली तिथे कायमची राहते.

आता चोवीस गोळ्यांची गोष्ट. माझं मत तिच्यावर उभं आहे, आणि ती मी आजवर धड कुणाला सांगितलेली नाही.

२४ गोळे, प्रत्येकाला आठ फाकी, एक लाल एक पांढरी. म्हणजे १९२ फाकी. हातात वेळ कमी होता, आणि तुमचा प्रश्न ऐकून ऐकून माझंही मन वळलं होतं. ठरवलं, या खेपेला गोंद. फाकीच्या पाठीला ब्रशने पांढरा, पाण्यातला गोंद लावायचा, कापड बसवायचं आणि मग कडा खोचायच्या. पहिले सहा गोळे सुरेख झाले. हे कबूल करायलाच हवं. कापड हलत नव्हतं, दुसऱ्या हाताने धरून ठेवावं लागत नव्हतं, आणि वेळ जवळजवळ निम्मा लागत होता. त्या तासाभरात मला खरोखर वाटलं की इतकी वर्षं मी उगाच त्रास करून घेतला.

सकाळी पाहिलं तर लाल रंग चिरांमधून पांढऱ्या फाकींत उतरला होता. कडेने ३-४ मिलिमीटरची गुलाबी किनार, जवळजवळ सगळ्या गोळ्यांवर. थर्माकोल पाणी पीत नाही, त्यामुळे गोंदातल्या पाण्याला बाहेर पडायची वाट एकच, कापडातून. तासन् तास ते सुती कापड ओलं राहिलं होतं. ओल्या सुताने आणखी एक केलं: वाळताना ते आटलं. आटताना त्याने स्वतःच्या कडा चिरांतून वर ओढल्या, आणि त्याही नेमक्या पोटाशी, जिथे फाक सर्वांत रुंद असते. पांढऱ्या फाकींवर ब्रशचे फटकारे वाळून कडक, चकचकीत पट्टे झाले होते.

इथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. वर आलेल्या कडा बसवायला मी ट्यूबमधला, उग्र वासाचा रबरी गोंद घेतला. त्यातला विद्रावक पॉलिस्टायरिन विरघळवतो, हे मला माहीत होतं. अ‍ॅसिटोन, टोल्युइन, दोन्ही तेच करतात. थेंबभर लावला तर काय होतंय, अशी मी मनाची समजूत घातली. थोड्याच वेळात फाकीखाली खड्डे पडले. वरून कापड शाबूत दिसत होतं, पण बोट ठेवलं की आत जात होतं. आणि ज्या चिरेची पकड परत मिळवायची होती तिच्याच कडा विरघळून गेल्या होत्या, म्हणजे आता तिथे खोचण्याचाही मार्ग उरला नाही. असे नऊ गोळे गेले.

तरीही राहिलेल्यांपैकी बिघडलेल्यांवर ग्लू गन चालवून पाहिली. साधी गन १९० अंशांच्या आसपास तापते, कमी तापमानाची १२० च्या. पॉलिस्टायरिन १०० च्या सुमाराला मऊ पडायला लागतं. कमी तापमानाच्या गनने भोक पडलं नाही, पण गोंदाचा गठ्ठा कापडाखाली मुगाच्या दाण्यासारखा उठून दिसायला लागला. मग कापड तरी वाचवू म्हणून ओढून काढलं, तर त्याच्याबरोबर मण्यांचा थर सोलून आला. खोचलेला गोळा बिघडला तर कापड बाहेर काढून त्याच चिरांमध्ये दुसरं बसवता येतं. इथे कापडही गेलं आणि गोळाही.

२४ पैकी ५ देण्यासारखे निघाले.

यानंतर मी "गोंदाचा एक थेंबही नाही" असं सांगत सुटले. काही जणांना ते जरा कडकपणेच सांगितलं. त्या वेळच्या मला आज दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली ही की कापड आधी धुतलेलं नव्हतं. लाल सुती कापड मिठाच्या पाण्यात नव्हे, साध्या पाण्यात, पाणी निवळ येईपर्यंत धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची. ते केलं असतं तर रंग इतका उतरला नसता आणि कापड तेव्हाच आटून गेलं असतं. म्हणजे त्या सकाळचा निम्मा दोष माझ्या घाईचा होता आणि मी तो सगळा गोंदाच्या माथी मारला.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. या कामाचं मूळ जपानच्या किमेकोमी बाहुल्यांत आहे. क्योटोच्या कामिगामो देवस्थानात चाकरीला असलेल्या ताकाहाशी तादाशिगे यांनी गेनबुन काळात, म्हणजे १७३६ ते १७४१ च्या दरम्यान, उरलेल्या लाकडी तुकड्यांतून छोट्या बाहुल्या कोरल्या, लाकडाला खोबणी पाडल्या आणि वस्त्रांच्या उरलेल्या कापडाच्या कडा त्यांत दाबून बसवल्या, असं सांगितलं जातं. ही परंपरा मी कितीदा तरी पुढे केली आहे: "बघा, तीनशे वर्षं लोक असंच खोचत आले आहेत." आणि मग कळलं की किमेकोमीचे कारागीर कापड बसवण्याआधी खोबणीत तांदळाच्या पिठाची खळ भरतात. जिच्या नावाने मी गोंदाला नाही म्हणत होते, तिच्यातच खळ आहे.

यावर माझं उत्तर आहे, आणि ते मला पटतं. लाकूड दाबत नाही. लाकडाची खोबण पाडली तेवढीच राहते, कापडाला धरून ठेवण्यासाठी परत जवळ येत नाही. पुढे लाकडाऐवजी जो भुश्शाचा लगदा वापरात आला तोही वाळून टणकच होतो. तिथे खळ लागणारच. थर्माकोल स्वतः धरतो. शिवाय ती खळ फक्त खोबणीत असते, कापडाच्या पाठीला नसते, म्हणजे फाक वर सरकायला मोकळीच राहते. तरीही "गोंद म्हणजे फसवणूक" असं जे मी म्हणायचे, ते आता म्हणवत नाही.

ते पाच गोळे का वाचले, तेही सांगायला हवं. शेवटी शेवटी गोंद संपत आला होता, म्हणून त्या पाचांना मी फक्त टोकाशी लावला होता. टोक ही या कामातली सगळ्यात कच्ची जागा. आठ फाकी म्हणजे एका बिंदूपाशी १६ कडा येऊन मिळणार, आणि आठ चिरा एकत्र आल्या की मधला थर्माकोल पाचरीसारख्या तुकड्यांत सुटा होतो, चुरतो. म्हणून आता मी आठपैकी चारच चिरा टोकापर्यंत नेते, उरलेल्या चार ५ ते ६ मिलिमीटर अलीकडे थांबवते. कापडाची टोकं निमुळती कापते, म्हणजे आत गर्दी होत नाही. जिथे चीर नाही तिथलं टोक आखूड टाचणीने धरते आणि वर दोन सेंटीमीटरची कापडी चकती किंवा फितीचं फूल येतं. टांगायच्या फितीच्या दोन टाचण्या तिरप्या, आत एकमेकींना छेदतील अशा घालते. सरळ घातलेली टाचणी गोळ्याच्या वजनाने हळूहळू वर येते. आणि त्या टाचण्यांची टोकं पांढऱ्या गोंदात बुडवून घेते.

हे पाहिलं की लोक मला पकडतात: "म्हणजे लावताच की!" हो, लावते. टाचणीला लावते, कापडाला लावत नाही. तिथे काही सरकायचं नसतं आणि गोंद झाकला जातो. हा फरक तुम्हाला पळवाट वाटत असेल, तर माझ्याकडे याहून चांगला शब्द नाही.

आणि "दुरुस्त करता येतो" हेही मी जितक्या ठामपणे सांगत आले तितकं खरं नाही. दाबला गेलेला थर्माकोल पूर्ण परत येत नाही. एकाच चिरेत दुसऱ्यांदा खोचलं तर चालतं, तिसऱ्यांदा पकड जाणवण्याइतकी ढिली होते. चौथ्यांदा मी चिरेत कापडाचीच बारीक पट्टी घालून जागा भरते, म्हणजे फाक परत घट्ट बसते. तेही एकदाच जमतं.

सुती कापडापुरतं माझं असं आहे. साटिनचं काही नक्की सांगता येत नाही. ते गुळगुळीत असतं, चिरेत धरत नाही, कड उसवते, आणि उरेब कापलं तर आणखीच. सध्या साटिनचे दोन गोळे शेजारी शेजारी टांगून ठेवले आहेत: एक नुसता खोचलेला, दुसऱ्याच्या चिरांमध्ये खोचण्याआधी टाचणीच्या टोकाने खळ भरलेली. नुसत्या खोचलेल्याची एक कड पोटाशी २ मिलिमीटर वर आली आहे. खळीचा जसाच्या तसा आहे. पण त्याची एक फाक बदलायची म्हटलं तर चिरेतला थर्माकोल कापडाबरोबर निघून येईल का, हे मी अजून करून पाहिलेलं नाही.